वासा बुडालं, दोषी कोण? १६२८ ची चौकशी वर्गात चालवताना

स्टॉकहोमच्या बंदरातून १० ऑगस्ट १६२८ च्या रविवारी दुपारी स्वीडनच्या राजाचं नवंकोरं लढाऊ जहाज ‘वासा’ पहिल्या सफरीला निघालं आणि तेराशे मीटरच्या आसपास जाऊन बुडालं. वादळ नव्हतं, शत्रू नव्हता, खडकही आडवा आला नव्हता. दहापैकी चारच शिडं उभारलेली होती. सलामी द्यायची म्हणून तोफांच्या झडपा उघड्या होत्या. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज डावीकडे कललं आणि सावरलं. दुसऱ्या झोताला सावरलं नाही. खालच्या मजल्यावरच्या झडपांतून पाणी आत शिरलं आणि काठापासून हाकेच्या अंतरावर, ३२ मीटर खोल पाण्यात, जहाज तळाला गेलं. निरोप द्यायला जमलेले लोक काठावरून बघत होते. जहाजावर दीडशेच्या आसपास माणसं होती, त्यांतली तीसेक दगावली.

कप्तान सोफरिंग हान्सन वाचला आणि त्याला लगोलग अटक झाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला राजवाड्यात राजमंडळातल्या १७ जणांसमोर चौकशी बसली. सगळ्यांना विचारून झालं, आणि कुणालाही शिक्षा झाली नाही.

कोकणातल्या एका कॉलेजात बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला ‘आधुनिक युरोपचा आरंभकाळ’ शिकवताना ही चौकशी मी वर्गात चालवते. ती कशी चालते, मुलं कुठे रमतात, कुठे अडतात आणि त्यातून युरोपचा इतिहास नेमका किती हाती लागतो, याचा हा वृत्तान्त.

अडचण काय होती

या पेपरात प्रबोधन, धर्मसुधारणा, भौगोलिक शोध, तीस वर्षांचं युद्ध आणि वेस्टफालियाचा तह असा सगळा ऐवज असतो. मुलांच्या लेखी तो ‘कारणे व परिणाम’ या दोन मथळ्यांत बसतो. कॉन्स्टँटिनोपल १४५३, ल्यूथर १५१७, तह १६४८. आकडे पाठ, पण एका आकड्याचा दुसऱ्याशी काय संबंध हे विचारलं की वर्ग खिडकीबाहेर बघायला लागतो.

रंजक करायचे नेहमीचे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. आठव्या हेन्रीच्या सहा बायकांचे किस्से सांगा, मोबाइलवर प्रश्नमंजूषा घ्या, राजांची सोंगं काढून एखादी नाटुकली बसवा. मुलं हसतात, तासाला येतातही. पण हसून झाल्यावर हातात उरतं ते सहा बायका, एवढंच. वरून भुरभुरवलेली मजा आणि खालचा इतिहास वेगवेगळेच राहतात. मला असं काहीतरी हवं होतं की ज्यातली मजा काढून घेतली तर इतिहासच उरणार नाही. वासाच्या चौकशीत ते सापडलं, कारण चौकशी करणाऱ्यांनाही तेव्हा उत्तर मिळालं नव्हतं. मुलांना उत्तर शोधायचंय आणि मॅडमच्या वहीतही ते लिहिलेलं नाही, हे एकदा कळलं की बाकं आपोआप पुढे सरकतात.

सामग्री

एक जोडतास, म्हणजे ४८ मिनिटांचे दोन तास सलग. आठवडाभर आधी प्रत्येक पात्राला एकेक चिठ्ठी. चिठ्ठीत त्या माणसाला त्या वेळी जे माहीत होतं तेवढंच. साक्ष देताना चिठ्ठीबाहेरचं काही रचायचं नाही, पण चिठ्ठीतलं काय सांगायचं आणि काय गिळायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मुख्य पात्रं अशी. कप्तान हान्सन. जहाजावरच्या सामानाची आणि नीरमाची, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरतात त्या दगडांची, व्यवस्था बघणारा योरान मॅट्सन. हॉलंडहून आलेला मुख्य मिस्त्री हेन्रिक हिबर्टसन, जो बांधकाम अर्धवट असतानाच आजारी पडून १६२७ मध्ये वारला; त्याची बाजू मांडायला त्याची विधवा मार्गारेता नील्सदॉटर, जिने नवऱ्यामागे गोदीचा कारभार सांभाळला. तिचा दीर आणि कंत्राटातला भागीदार आरेन्त द ग्रोट. हिबर्टसननंतर काम पुरं करणारा हाइन याकॉबसन. आणि आरमाराचा बडा अधिकारी क्लास फ्लेमिंग. उरलेली मुलं राजमंडळ. अध्यक्षपद राजाचा सावत्र भाऊ कार्ल कार्लसन गिलेनहिल्म याच्याकडे.

राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ वर्गात नसतो. तो खरोखरच तिथे नव्हता. प्रशियात पोलंडशी लढत होता. बुडाल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचायलाच दोन आठवड्यांहून जास्त वेळ गेला. त्याचं उत्तर आलं ते कडक होतं: हलगर्जी झालेली दिसते, दोषींना शासन करा.

आणि खेळाचा एकच पक्का नियम. राजाला दोषी म्हणायचं नाही. साक्षीत नाही, निकालात नाही, पुटपुटूनसुद्धा नाही. मुलांना सुरुवातीला हा नियम मॅडमची लहर वाटते. तासाभराने तोच नियम सगळ्यात जास्त शिकवून जातो.

याशिवाय टेबलावर एक परात भरून पाणी आणि एक उभट प्लास्टिकचा डबा. डब्याच्या दोन्ही लांब बाजूंना, पाण्याच्या रेषेच्या दोन बोटं वर, गरम सुईने पाडलेल्या भोकांची रांग. तळाशी वाळू. वर पुठ्ठ्याचा मजला आणि त्यावर सुताराकडून आणलेले नट-बोल्ट. हे वासा.

तास उभा राहतो तेव्हा

पहिली साक्ष कप्तानाची. तोफा नीट बांधल्या होत्या का? हान्सनने खऱ्या चौकशीतही याचं ठासून उत्तर दिलं होतं: एकही तोफ सुटी असेल तर माझे हजार तुकडे करा. खलाशी प्यायले होते का? नाही, रविवार होता, चर्चमधला प्रभुभोजनाचा विधी करून आले होते. इथे एखादा राजमंडळी हमखास विचारतो की प्रभुभोजनात वाइन असते ना? वर्ग फुटतो. हसू ओसरलं की मी एवढंच विचारते: स्वीडनमध्ये प्रभुभोजन कुणाच्या पद्धतीचं, पोपच्या की ल्यूथरच्या? मग १५२० च्या दशकात राजा गुस्ताव वासाने (गुस्ताव अडॉल्फचा आजा) रोमशी संबंध तोडले आणि चर्चच्या मालमत्तेवर हात टाकला, हे पुस्तकातलं पान निघतं. ते पान त्या दिवशी मुलं स्वतःहून उघडतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

कप्तान सुटला की गाडी मॅट्सनवर येते, आणि इथे तास रंगात येतो. त्याच्या चिठ्ठीत स्फोटक दारूगोळा आहे. सफरीआधी, जहाज धक्क्याला बांधलेलं असताना, फ्लेमिंगसमोर एक चाचणी झाली होती. ३० खलाशांनी डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदम पळायचं. तीन फेऱ्या झाल्या आणि थांबवावं लागलं, कारण जहाज इतकं डुलायला लागलं की धक्क्यालाच कलंडेल अशी भीती वाटली. मॅट्सनने जहाज सरळ राहिलं तर देवाची कृपा म्हणायची अशा अर्थाचं काही बोलून दाखवलं. त्यावर फ्लेमिंग म्हणाला, मिस्त्रीने याआधीही जहाजं बांधली आहेत, तू काळजी करू नकोस. आणि मॅट्सनच्याच साक्षीनुसार तो असंही म्हणाला, की महाराज इथे असते तर बरं झालं असतं.

‘मग जाऊ का दिलं?’ हा प्रश्न मला कधी विचारावा लागलेला नाही. तो आपोआप, चार बाजूंनी, एकाच वेळी येतो.

फ्लेमिंग झालेल्या मुलाची इथे खरी पंचाईत. जहाज डळमळीत आहे हे त्याने डोळ्यांनी बघितलं. राजाची पत्रांवर पत्रं येत होती की जहाज लवकर पाठवा. सफर थांबवली तर राजाची आज्ञा मोडली, नाही थांबवली तर जे झालं ते. एका वर्षी फ्लेमिंग झालेला मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘मला विचारू नका, मला वरून सांगितलंवतं.’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘वरून म्हणजे कुठून?’ तो म्हणाला, ‘नियम आहे, नाव घेता येत नाही.’ टाळ्या पडल्या. राजसत्ता म्हणजे काय हे सांगायला पुस्तकाला चार पानं लागतात.

पण यात एक गडबड होण्याची भीती असते, ती वेळीच सावरावी लागते. या राजाला मुलं लगेच फ्रान्सच्या निरंकुश चौदाव्या लुईच्या पंगतीला बसवतात. गुस्ताव अडॉल्फ १६११ मध्ये गादीवर आला तो सरदारांना सनद लिहून देऊन; चॅन्सलर अॅक्सेल ऑक्सेनश्टेर्ना आणि राजमंडळ यांचा कारभारात मोठा वाटा होता. स्वीडनमधली निरंकुश राजेशाही पुढे १६८० च्या दशकातली. म्हणजे हे १७ जण काही नंदीबैल नव्हते. तरीही राजाकडे बोट दाखवणं त्यांच्याही कक्षेत नव्हतं. सत्ता वाटलेली आहे, दोष मात्र वर जाऊ शकत नाही, हा बारकावा मुलांना भाषणातून कळला नसता. निकाल लिहायला बसल्यावर कळतो.

याकॉबसनची बाजू सरळ आहे. मापं राजाने पाहून मंजूर केलेली, मी ती पाळली. रुंदी थोडी वाढवलीसुद्धा, पण काम माझ्या हाती आलं तेव्हा त्याहून जास्त वाढवता येण्यासारखं उरलंच नव्हतं. आरेन्त द ग्रोट तेच म्हणतो. मग चूक कुणाची, असं विचारल्यावर त्याचं खऱ्या चौकशीतलं उत्तर आहे: ते देवच जाणे. हे उत्तर वर्गात नेहमी हशा पिकवतं, आणि हशा विरला की एखादी मुलगी नेमकं बोट ठेवते: म्हणजे यांनाही माहीत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

मार्गारेताची भूमिका मी मुद्दाम बोलक्या मुलीला देत नाही. शांत मुलगी बरी. सगळे मिळून मेलेल्या नवऱ्यावर ढकलायला लागतात (मेलेला माणूस साक्षीला येत नाही, हे राजमंडळाला लवकर उमगतं) आणि मग तिला उठावंच लागतं. ‘तो वारला १६२७ ला. तोफा चढल्या १६२८ ला. वर किती वजन येणार हे त्याला कुणी सांगितलंवतं का?’ चिठ्ठीतल्या तारखा जुळवून तिने हा मुद्दा स्वतः काढला होता. त्यानंतर त्या वर्षी हिबर्टसनचं नाव निकालातून वगळलं गेलं. विधवेने कंत्राट चालवणं, कामगारांचं देणं भागवणं, दरबाराशी पत्रव्यवहार करणं हे सतराव्या शतकातल्या व्यापारी घरांत घडत होतं, ही माहिती तिच्या तोंडून वर्गाला मिळाली ती मग कुणी विसरलं नाही.

परात

साक्षी संपल्यावर सगळे टेबलाभोवती. आधी नट-बोल्ट न ठेवता डबा पाण्यात सोडायचा. बोटाने कलवला की डुलतो आणि सरळ होतो. मग वरच्या पुठ्ठ्यावर थोडे बोल्ट. कलतो, उशिरा सरळ होतो. आणखी बोल्ट. आता हलकं ढकललं की तो कलतो आणि तिथेच काही क्षण रेंगाळतो. भोकांपासून पाणी केसभर खाली. हळूच फुंकर मारा. एका भोकातून पाण्याची बारीक धार आत येते, मग दुसऱ्यातून, मग सगळी रांग पाण्याखाली आणि डबा तोंडावर पडतो. बोल्ट परातीत खळकन. वासाला काय झालं हे इथे सगळ्यांना एकदम दिसतं: पहिल्या झोतातून सावरणं आणि दुसऱ्यातून न सावरणं.

आमच्याकडे मच्छीमारांच्या घरातली मुलं असतात. इंग्रजी पुस्तकं बघून बुजणारा एक मुलगा परातीपाशी पुढे झाला आणि म्हणाला, ‘मॅडम, खाली अजून दगड भरायचे. आमच्या लाँचला वर बर्फ जास्त झाला की बाबा खाली उतरवायला लावतात.’ बरोबर. मग वाळू वाढवून बघितली. डबा जास्त स्थिर झाला, पण खाली बसला, आणि भोकं पाण्याला आणखी जवळ आली. त्याने डबा उचलला, खालून बघितला आणि म्हणाला, ‘डबाच अरुंद आहे. ह्याला काय करणार?’

वासाच्या तळात सुमारे १२० टन दगड होते. जागा तेवढीच होती आणि आणखी भार घातला असता तर खालच्या झडपा पाण्याला टेकल्या असत्या. वर ६४ तोफा, त्यांतल्या बहुतेक २४ पौंडी गोळा फेकणाऱ्या, दोन पूर्ण मजल्यांवर. त्या मुलाने पाच मिनिटांत जे सांगितलं त्याचं गणित युरोपात तेव्हा कुणापाशी नव्हतं. जहाजं ठरावीक प्रमाणांवर, जुन्या जहाजाकडे बघून, मिस्त्रीच्या हाताच्या अंदाजाने बांधली जात. कललेलं जहाज परत उभं राहील की नाही हे कागदावर मांडता येईल असं सूत्र फ्रेंच गणिती पियेर बुगेरने १७४६ च्या ग्रंथात मांडलं, वासा बुडून शंभरावर वर्षं लोटल्यावर. तोफांचे दोन मजले असलेली एवढी मोठी जहाजं नवी होती, अंदाज जुना होता.

इथे मी आणखी एक गोष्ट टेबलावर ठेवते, जी १६२८ च्या चौकशीला ठाऊक नव्हती. जहाज वर काढल्यावर आत सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या. काही स्वीडिश फुटाच्या, बारा इंची. काही अॅमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. एकाच गोदीत दोन फूट. आणि जहाजाच्या दोन बाजू मोजल्यावर त्या सारख्या भरल्या नाहीत. परदेशी कारागीर, देशी कारागीर आणि घाईतला राजा यांचं मिश्रण याहून स्पष्ट कुठल्या तक्त्यात दाखवता येईल?

शेवटचा पुरावा ‘एपलेट’. वासाचं भावंड शोभेल असं जहाज, त्याच गोदीत, त्याच याकॉबसनने बांधलेलं, फक्त अंदाजे एक मीटर जास्त रुंद. ते १६२९ मध्ये पाण्यात उतरलं आणि तीस वर्षं चाललं. १६५९ मध्ये स्वीडिशांनीच ते वाक्सहोल्मपाशी मुद्दाम बुडवलं, आणि त्याचे अवशेष २०२१ मध्ये पाणबुड्यांना सापडले. म्हणजे याकॉबसनला चूक कळली होती. कळूनही चौकशीत त्याने ती कबूल केली नाही, कारण कबुली म्हणजे स्वतःच्या गळ्यात दोर. राजमंडळालाही कदाचित कळलं असावं. निदान शिक्षा न करण्याचं तेही एक कारण असेल, असं मला वाटतं. कंत्राटदारांना हाकललं असतं तर पुढची जहाजं कोण बांधणार होतं?

बाकी युरोप इथे कुठून येतो

चौकशीला एक जोडतास पुरतो. त्यानंतरचे तास त्यातून निघालेल्या प्रश्नांचे. हे प्रश्न मी आधी छापून देत नाही. वर्गात निघतील तसे फळ्यावर लिहून ठेवते.

एवढी घाई कशाला, हा त्यांतला पहिला. उत्तर घरचंच भांडण. पोलंडचा राजा सिगिस्मंड हा गुस्ताव अडॉल्फचा चुलतभाऊ, आणि एके काळी स्वीडनचाही राजा. तो कॅथलिक, त्याला स्वीडनच्या गादीवरून दूर करून गुस्तावच्या बापाने ती घेतली. सिगिस्मंडने हक्क सोडला नाही. भाऊबंदकी म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यात १६२५ मध्ये स्वीडनची दहा जहाजं एका वादळात गेली, मग राजाला नवी जहाजं हवी होती ती कालच. बाल्टिकवर ताबा म्हणजे तिथल्या बंदरांतल्या धान्य, लाकूड आणि डांबराच्या व्यापारावरची जकात. १६३० मध्ये तोच राजा तीस वर्षांच्या युद्धात उतरला आणि १६३२ मध्ये ल्युट्झेनच्या रणात पडला. वेस्टफालियाच्या तहातून स्वीडनला जर्मनीचा किनारपट्टा मिळाला. पाठ्यपुस्तकात चौथ्या प्रकरणात येणारं हे युद्ध आमच्या वर्गात एका बुडालेल्या जहाजाच्या शेपटाला बांधून येतं.

कोरीव काम हा मुलांचा आवडता भाग. वासावर सातशेच्या आसपास शिल्पं आणि नक्षी होती, झगझगीत रंगांत. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, झेप घेणारा सिंह. रोमन सम्राटांची रांग, कारण उत्तरेतल्या या छोट्या राज्याला स्वतःची वंशावळ रोमपाशी नेऊन जोडायची होती. प्रबोधनाची ही राजकीय बाजू. आणि नाळेशी बाकाखाली रांगणारा पोलिश सरदार, जिथे खलाशी शौचाला जात त्या जागेजवळ. चुलतभावाला लाकडात कोरलेली शिवी! हे चित्र फळ्यावर लावलं की तासाची हजेरी आपोआप पुरी होते.

तारखेवरून एकदा मस्त फाटा फुटला. एका मुलाला मोबाइलवर १० ऐवजी २० ऑगस्ट दिसलं. दोन्ही बरोबर. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली; प्रोटेस्टंट देशांनी पोपची म्हणून ती पुष्कळ वर्षं घेतली नाही. स्वीडनने तर मध्ये स्वतःचाच घोळ घातला आणि १७१२ मध्ये त्यांच्याकडे ३० फेब्रुवारी ही तारीख आली. खरोखर. धर्मसुधारणेचे परिणाम विचारले की ‘लोकांचा वारसुद्धा वेगळा झाला’ असं लिहिणारी उत्तरपत्रिका मला त्या वर्षी मिळाली. वार काही वेगळा नव्हता, तारीख होती. पण मुद्दा पोचला होता.

हॉलंडचे मिस्त्री स्वीडनला का? कारण सतराव्या शतकात जहाज बांधणीतली सगळ्यात तरबेज माणसं डच होती आणि त्यांचा हुन्नर भाड्याने मिळत होता. इथे आपल्याकडचा एक धागा खराच लागतो, ओढूनताणून आणावा लागत नाही. १६५० च्या दशकाच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे आरमार बांधायला घेतलं तेव्हा तिथेही पोर्तुगीज कारागीर कामाला होते, आणि वसईच्या पोर्तुगीजांनी त्यांना फितवून परत बोलावलं. गुस्तावला डच कारागीर सहज मिळाले, महाराजांचे कारागीर पळवले गेले. का, यावर मुलं अर्धा तास भांडली. डचांना स्वीडनचं तांबं-लोखंड हवं होतं. पोर्तुगिजांना कोकणच्या किनाऱ्यावर दुसरा आरमारवाला नको होता. हे उत्तर त्यांनी काढलं.

ज्या जागी पद्धत तोकडी पडते

खटला म्हटला की गुन्हेगार लागतो. निकालात एखादं नाव नसेल तर मुलांना फसवल्यासारखं वाटतं, आणि मग पुढच्या प्रत्येक प्रकरणात ती आरोपी शोधत सुटतात. तीस वर्षांचं युद्ध कुणी सुरू केलं? एकाचं नाव सांगा, मॅडम. किमती वाढणं, चांदीचा ओघ, लोकसंख्या, हवामान या गोष्टींना पिंजऱ्यात उभं करता येत नाही. त्यासाठी वेगळेच तास लागतात, आणि ते एवढे रंगत नाहीत. हे मान्य करूनच ही पद्धत वापरावी.

दुसरं म्हणजे नाटकवाली मुलं. त्यांना चिठ्ठी देताना जपून. एका कप्तानाने तीन मिनिटं बुडण्याचा अभिनय केला आणि साक्ष राहून गेली. ‘चिठ्ठीबाहेर काही नाही’ हा नियम तेव्हापासून फळ्यावर मोठ्या अक्षरात असतो. चौकशीची मूळ कागदपत्रं आजही सगळीच्या सगळी उपलब्ध नाहीत, त्यामुळे मोकळ्या जागा भरायचा मोह होतो. ‘इथे कागद नाही’ असं म्हणता येणं हाही अभ्यासाचाच भाग आहे.

आणि पुराव्याबद्दलचा आपला विश्वासही अधूनमधून हलवावा लागतो. जहाजात निदान पंधरा माणसांचे सांगाडे मिळाले. त्यांतल्या एकाला अभ्यासक अनेक वर्षं ‘गुस्ताव’ म्हणत होते. २०२३ मध्ये डीएनए तपासणीतून कळलं की ती बाई होती; आता तिला गेर्ट्रुड म्हणतात. लढाऊ जहाजावर बाई कशी? सफरीच्या पहिल्या टप्प्यात खलाशांच्या बायकामुलांना सोबत यायची मुभा होती. वर्गातल्या मुलींनी यावर जे प्रश्न विचारले त्यांतले निम्मे अजून फळ्यावर आहेत.

जहाज टिकलं कसं हेही सांगावं लागतं, नाहीतर सगळं भाकड वाटतं. बाल्टिकच्या मचूळ पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा जगत नाही. १६६० च्या दशकात पाणबुड्यांनी घंटेच्या आकाराच्या साधनात राहून पन्नासाहून अधिक तोफा वर काढल्या होत्या, मग जहाज विस्मरणात गेलं. आंदेर्श फ्रांत्सेनने ते १९५६ मध्ये शोधलं, २४ एप्रिल १९६१ ला ते पाण्याबाहेर आलं, आणि १९९० पासून स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभं आहे. न उभारलेली सहा शिडंसुद्धा घडी घातलेली सापडली.

गुणांकन

अंतर्गत गुणांसाठी निबंध घेत नाही. प्रत्येकाने राजमंडळाच्या वतीने प्रशियातल्या राजाला दहा ओळींचं पत्र लिहायचं: काय झालं, का झालं, कुणावर काय कारवाई केली. राजाला दोष द्यायचा नाही, हा नियम इथेही लागू. तपासताना मी तीन गोष्टी बघते. किती साक्षींचा आधार घेतला, १६२८ मध्ये ठाऊक नसलेलं काही घुसलं का (मेटासेंटर हा बुगेरच्या सूत्रातला शब्द दिसला की गुण कमी), आणि नियम पाळूनही खरं किती सांगता आलं.

तिसऱ्या कसोटीवर मुलांची अक्कल बघण्यासारखी असते. कुणी हवेवर ढकलतं, कुणी देवावर, कुणी ‘चाचणी झाली होती व तिचा अहवाल आपणांस पाठवण्यास आपण जवळ नव्हतात’ असं अगदी सरकारी भाषेत लिहितं. मार्गारेता झालेल्या त्या शांत मुलीने शेवटच्या दोन ओळींत लिहिलं होतं: ‘महाराज, मापे आपण मंजूर केली, तोफा आपण ठरवल्या, तारीख आपण कळवली. सर्व काही आज्ञेप्रमाणे झाले असल्यामुळे कोणासही शिक्षा करता येत नाही.’

तिला दहापैकी नऊ दिले. एक गुण तारखेचा गेला. पत्रावर तिने १५ सप्टेंबर टाकलं होतं आणि कंसात ‘पोपची दिनदर्शिका’.